पंचाची पानसुपारी

आदरणीय काका,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शनिवारी दारातच अडवाल, "हे काय चारचौघांत सांगायचं असतंय होय?" म्हणून. पण रंकाळ्याजवळच्या तुमच्या व्हरांड्यात बसून ज्यांनी ज्यांनी पोहे खाल्लेत आणि बॅलन्सशीटच्या कडेला तुमच्या लाल पेनाच्या खुणा सोसल्यात, त्यांना पत्र कुणाला आहे ते सांगावं लागणार नाही. यंदा तुम्ही सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे सीए म्हणून व्यवसाय करायचा परवाना, परत केलंत. निरोप समारंभ नको म्हणालात, शाल-श्रीफळ नको म्हणालात. पत्र नको असं काही म्हणाला नव्हता.

२०१७ चा पावसाळा आठवतो? मी आले होते ती भांडायलाच. तुमच्याशी नव्हे, दिल्लीशी. आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत पुण्याच्या एका लिस्टेड कंपनीनं २६ टक्के हिस्सा घेतला आणि त्या एका सहीनं आम्ही तिची 'असोसिएट', म्हणजे सहयोगी कंपनी, झालो. तिला इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय धर्तीचे हिशेबाचे नवे नियम, लागू, म्हणून आम्हालाही लागू. ५०० कोटी किंवा जास्त नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) असलेल्यांना ते १ एप्रिल २०१६ पासून, २५० कोटी किंवा जास्तवाल्यांना आणि उरलेल्या लिस्टेड कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून. आमचं नेटवर्थ या आकड्यांच्या वाऱ्यालाही उभं राहणारं नव्हतं. तरी भट्टीच्या धगीत केबिनमध्ये बसून मी आणि दोन पोरं फेअर व्हॅल्यू, म्हणजे आजची बाजारकिंमत, काढत होतो. बाहेर मालक विचारत होते, रिजेक्शन किती आलं, आणि आत मी डिस्काउंट रेट शोधत होते.

त्यातच भाड्याच्या हिशेबाचा नियम, इंड एएस ११६, त्याचा एक्सपोजर ड्राफ्ट म्हणजे हरकतींसाठीचा मसुदा आला. भाड्यानं घेतलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू ताळेबंदात आणा. फोर्कलिफ्ट आणा, जनरेटर आणा, शिरोली फाट्यावरचं गोडाऊन आणा. मी तणतणत म्हटलं, "हे ठरवतंय कोण? यांना निवडून कुणी दिलंय?"

तुम्ही चष्मा पुसला आणि म्हणालात, "प्रश्न चांगला हाय. रागानं विचारलास एवढंच. कागद घे."

काका, माझे आभार त्या 'कागद घे'चे आहेत.

मला वाटलं होतं, तुम्ही दोन शिव्या घालाल आणि चहा मागवाल. तुम्ही बोलता बोलता खासबागेच्या कुस्ती मैदानात शिरलात. कुस्ती बघायला गेल्यावर लोक पैलवानाकडे बघतात, तुम्ही म्हणे लहानपणापासून पंचाकडे बघत आलात. "पंचाला पानसुपारी कुठल्या तालमीकडनं जाते, आणि चुकला तर त्याला मातीतनं बाहेर काढायचा अधिकार कुणाला, ही दोन माहिती हातात असली की कुस्ती कशी सुटणार ते आधीच सांगता येतं." मग म्हणालात, आता हेच हिशेबाचे नियम लिहिणाऱ्या मंडळाला लाव.

लावलं. आपल्याकडं हे नियम, म्हणजे लेखा मानकं, लिहिणारं लेखा मानक मंडळ आयसीएआयनं, म्हणजे सीएंच्या राष्ट्रीय संस्थेनं, २१ एप्रिल १९७७ ला स्थापन केलं. म्हणजे सीएंनीच आपल्यातलं एक मंडळ बसवलं. त्यात उद्योगांचे, सरकारी खात्यांचे, रिझर्व्ह बँक आणि सेबीसारख्या नियामकांचे प्रतिनिधी घेतले जातात हे खरं, पण अंतिम मंजुरी आयसीएआयच्या कौन्सिलची. आणि कौन्सिलमध्ये ३२ जण सीएंच्या मतांवर निवडून आलेले, सरकारनं नेमलेले फार तर ८. "मी पण मत देतो की," तुम्ही म्हणालात, "म्हणजे ज्याचं ऑडिट मी करतो त्याचे नियम लिहिणारा माणूस माझ्या मतावर निवडून येतोय. मी सज्जन असीन. पण व्यवस्था माझ्या सज्जनपणावर उभी करायची काय?"

स्वतःच्या व्यवसायाबद्दल एवढं सरळ बोलणारा सीए मी तोपर्यंत पाहिला नव्हता. (नंतरही फार पाहिले नाहीत.)

मग तुम्ही अमेरिकेची गोष्ट काढलीत. १९७३ पर्यंत तिथंही हिशेबतपासनिसांच्या संघटनेचंच मंडळ नियम लिहायचं. टीका वाढली, समिती बसली आणि फॅस्ब नावाचं वेगळं मंडळ झालं. सात सभासद, पूर्णवेळ, आधीच्या नोकरीशी संबंध तोडून आलेले. त्यांच्या डोक्यावर एक वेगळी विश्वस्त संस्था, फायनान्शियल अकाउंटिंग फाउंडेशन. विश्वस्तांनी माणसं नेमायची, पैसा उभा करायचा, कामकाज रीतीनं चाललंय का बघायचं. पण घसारा कसा धरायचा यात तोंड घालायचं नाही. मी म्हटलं, झालं की मग, सुटला प्रश्न. तुम्ही हसलात. "पानसुपारी कोण देत होतं ते विचारलंस काय?"

पैसा येत होता पुस्तकांच्या विक्रीतून आणि देणग्यांतून. देणगीदार कोण, तर ऑडिट फर्म आणि कंपन्याच. एन्रॉन ही बडी कंपनी हिशेबाच्या घोटाळ्यात बुडाल्यावर २००२ चा सार्बेन्स-ऑक्सले कायदा आला, तेव्हा कुठं लिस्टेड कंपन्यांवर सक्तीची फी बसून मंडळाचा खर्च देणगीच्या बाहेर पडला. आणि पैशाची सोय झाली तरी दट्ट्या देणारे असतातच, हे सांगायला तुम्ही १९९४ सालात नेलंत. कर्मचाऱ्यांना दिलेले स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावानं कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क, खर्चात धरा, असा प्रस्ताव फॅस्बनं आणला होता. सिनेटनं ८८ विरुद्ध ९ मतांनी त्याच्या विरोधात ठराव केला. मंडळानं माघार घेतली आणि १९९५ ला तळटीपेत आकडा दाखवण्यावर भागवलं. खर्चात धरणं सक्तीचं व्हायला २००४ उजाडलं.

२००८ चं तुम्ही सांगितलेलं तर मी अजून वर्गात सांगते. लंडनचं आंतरराष्ट्रीय मंडळ, ज्याच्या नियमांवरून आपलं इंड एएस बेतलंय, त्यानं ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपच्या दबावाखाली बँकांसाठी एक दुरुस्ती केली. मसुदा नाही, हरकती नाहीत, काही दिवसांत काम तमाम. पुढं २००९ च्या जानेवारीत त्या मंडळाच्या विश्वस्तांवरही लक्ष ठेवायला बाजार नियामकांचं मॉनिटरिंग बोर्ड आलं. मी विचारलं, मग त्या बोर्डावर कोण? तुम्ही म्हणालात, "पोहे गार व्हायलेत."

सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट मात्र तुम्हाला सांगवेना, असं मला त्या दिवशी वाटलं. ७ जानेवारी २००९. अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली: पुस्तकात ५,३६१ कोटींची रोख आणि बँक शिल्लक, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. "कॅश अँड बँक!" तुम्ही टेबलावर हात आपटलात. "नवा आर्टिकल, शिकाऊ पोरगं, पहिल्या आठवड्यात जे तपासायला शिकतो ते!" कुंपणच शेत खातं हे ऐकून माहीत होतं, कुंपणातल्या एका खांबाला त्याची लाज वाटताना मी तेव्हा पाहिलं.

त्यानंतरच्या धक्क्यातून २०१३ चा कंपनी कायदा आला आणि त्यात एनएफआरए, म्हणजे हिशेब आणि ऑडिटवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, आली. कलम १३२ आणि १३३ तुम्ही माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलीत, शाळेतल्यासारखी. मानकांची शिफारस आयसीएआय करणार, एनएफआरए ती तपासून आपलं मत देणार, अधिसूचना केंद्र सरकार काढणार. एनएफआरएच्या अध्यक्षाला आणि पूर्णवेळ सभासदांना पदावर असताना आणि पद सोडल्यावर दोन वर्षं कुठल्याही ऑडिट फर्मशी संबंध ठेवता येणार नाही. तिचे स्वतःचे हिशेब कॅग तपासणार. कायदा २०१३ चा, पण आपण हे वाचत होतो तेव्हा एनएफआरए फक्त कागदावरच होती. ती प्रत्यक्षात आली १ ऑक्टोबर २०१८ ला. त्या दिवशी तुमचा फोन आला होता, "पंच आला बघ आखाड्यात."

मी म्हटलं होतं, काका, पण या पंचाची पानसुपारी सरकारकडनं. उद्या सरकारी कंपन्यांना अडचणीचा नियम आला तर? तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "तिथं माझ्याकडं उत्तर न्हाई." ते वाक्य मला बाकी सगळ्या व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडलं. २०२४ ला ऑडिटच्या एसए ६०० वरून (समूहातल्या कंपन्यांचं ऑडिट वेगवेगळ्यांनी केलं तर जबाबदारी कुणाची, याचा नियम) आयसीएआय आणि एनएफआरएचं उघड वाजलं, तेव्हा आमच्या ऑफिसातले लोक बाजू घेऊन भांडत होते. मला मात्र बरं वाटलं. दोघं एका ताटात जेवत नाहीत हे तरी दिसलं.

पण मूळ मुद्दा राहिला. त्या पावसाळ्यात तुम्ही मला नुसतं शहाणं करून घरी पाठवलं नाही. म्हणालात, "मसुदा हरकतींसाठीच काढलाय नव्हं? मग हरकत लिही." मी म्हटलं, शिरोलीच्या फाउंड्रीचं कोण वाचतंय? "वाचायचं का नाही ते त्यांचं काम. लिहायचं तुझं."

सहा शनिवार गेले. पहिल्या मसुद्यात मी 'लघुउद्योगांवर अन्याय' असं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लाल पेनानं 'भाषण' एवढंच लिहिलंत. हळूहळू भाषण गळालं आणि प्रश्न उरला. आमचं गोडाऊन ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, नऊ वर्षं सलग. (आपल्याकडं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं असा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, पण ११ चा आकडा काही सुटत नाही.) १२ महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्याला मानकात सूट आहे. पण मुदतवाढ होणार हे जवळजवळ नक्की असेल तर तीही मुदतीत धरायची. आमच्या करारात मुदतवाढीचा शब्दही नाही. पण आत आम्ही काँक्रीट ओतून क्रेन बसवलीय, ती उचलून कोण जाणार? मग मुदत ११ महिने की क्रेनचं आयुष्य? दुसरा प्रश्न एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या पट्ट्याचा होता, तो त्या मानानं सोपा निघाला. करारांच्या प्रती जोडायला तुम्ही लावल्यात. मी कुरकुरले होते, एवढी झेरॉक्स कशाला म्हणून.

पत्र गेलं. पोच आली की नाही तेही आता आठवत नाही. मानक आलं ते ३० मार्च २०१९ च्या अधिसूचनेनं, आणि लागू १ एप्रिल २०१९ पासून. मधे एक दिवस, तोही रविवार. आमच्या पत्रामुळं त्यात स्वल्पविरामही हलला नव्हता. मजकूर सगळ्यांना आधीपासून माहीत होता, मूळ आंतरराष्ट्रीय मानक तर जानेवारी २०१६ पासून उघडं पडलं होतं, हे मान्य. पण कायदा म्हणून तो हातात द्यायला एक रविवार पुरतो असं कुणाला वाटलं असेल? मी पुन्हा तणतणले. या खेपेला तुम्हीही.

त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. शिरोलीत हायवेवर पाणी, ट्रकांच्या रांगा, आणि आमच्या गोडाऊनमध्ये छातीएवढं. जुन्या फायलींचा लगदा झाला. भाडेकरारही त्यातच. ऑडिटर मूळ करार मागत होते, मालक म्हणत होते नदीला विचारा. तेव्हा तुम्ही व्हरांड्यातल्या कपाटातून ती फाइल काढलीत, हरकतीच्या पत्राची, मागं सगळ्या करारांच्या झेरॉक्स, दोरीनं बांधलेल्या. वर तुमच्या अक्षरात 'शिरोली – गोडाऊन – उत्तर बाकी'.

उत्तर आलंसुद्धा, म्हणजे आम्हाला नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनच्या मंडळाच्या इंटरप्रिटेशन्स कमिटीनं, म्हणजे नियमांचा अर्थ लावणाऱ्या समितीनं, हाच प्रश्न घेतला, दुसऱ्याच कुणीतरी विचारलेला: मुदत ठरवताना करारातला दंड तेवढा बघू नका, व्यवहाराचं एकूण आर्थिक गणित बघा, भाडेकरूनं जागेत घातलेला पैसाही त्यात आला. थोडक्यात, क्रेन बघा. तुम्ही रात्री साडेनऊला फोन केलात. तुम्ही साडेनऊला कुणाला फोन करत नाही. "अगं, तुझी क्रेन लंडनला पोचली!" मी सांगत होते, काका ती आपली नव्हे, तरी तुम्ही ऐकेनात.

आता माझ्याकडे तीन आर्टिकल असतात. नवं काही आलं की आधी तणतणतात, मग मी कागद घ्यायला सांगते. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, आयसीएआयला पानसुपारी कोण देतं?" म्हटलं, तू आणि मी, तू विद्यार्थी फीमधून, मी सभासद फीमधून, बस, सांगते.

शनिवारी चारला येते. नफा-तोटा पत्रकाची मांडणी बदलणाऱ्या इंड एएस ११८ चा मसुदा मोठ्या अक्षरांत छापून घेतलाय, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक वाचवत नाही म्हणून. लाल पेन मात्र तुमचंच. आणि काकूंना सांगा, पोह्यात या खेपेला मिरची बेतानं.

तुमची,
शिरोलीची