पखवाजावर बाई का नसते, मंत्रीसाहेब?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, एखादी महिला भजन स्पर्धा कधीतरी शेवटपर्यंत बसून बघा. गाणाऱ्या बायका, टाळ बायकांच्या हातात, पेटीवर पण बरेचदा बाईच, आणि पखवाजावर मात्र कोणाचा तरी मुलगा नाहीतर दीर. मंडळ महिलांचं आणि ठेका पुरुषाचा, आणि यात कुणाला काही खटकतही नाही!

कारण हे लहानपणीच ठरून जातं. मुलगी असेल तर गाणं नाहीतर कथक, मुलगा असेल तर तबला. माझी मुलगी तबला शिकते म्हटल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "का हो, गळा बरा नाही का तिचा?" दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव मार्क मिळतात म्हणून पालक क्लास लावतात, पण मुलगी जाते ती गायनालाच.

ताकद लागते वगैरे तर सांगूच नका कुणी. पुण्यात गणपतीत पोरी कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवतात तेव्हा आपणच मोबाईल वर करून शूटिंग करतो ना? मुंबईच्या आबान मिस्त्रींनी सोलो तबला तर गाजवलाच, वर तबल्या-पखवाजाच्या घराण्यांवर जाडजूड ग्रंथही लिहिला. अनुराधा पाल तबला शिकल्या त्या थेट उस्ताद अल्लारखाँसाहेबांकडे. पण अशा वादक म्हटल्या की आयोजकांना आठवतो महिला दिन, तेव्हा सोलो ठेवतात, हार घालतात, फोटो काढतात. तबलजीचं घर चालतं ते साथीवर, आणि साथीला फोन पुरुषालाच जातो. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या त्याला आता शंभरेक वर्षं होतील, गायिकेचं कुणाला नवल राहिलं नाही, तबलावालीचं अजून आहे.

तुमच्या खात्याच्या महोत्सवांत साथीदारांच्या यादीत मुली घ्या, मार्चमध्येच नाही, वर्षभर. सरकारी पैशातून होणाऱ्या महिला भजन स्पर्धांत पखवाज-तबला बाईनंच वाजवायचा असा नियम करा, पण लगेच नको, निम्मी मंडळं बाद होतील. दोन वर्षं मुदत द्या आणि तोवर तालुक्याच्या गावी बायकांसाठी पखवाजाचे वर्ग काढा. आणि हो, वर्ग दुपारी ठेवा, संध्याकाळी ठेवलेत तर स्वयंपाक सोडून कोण येणार?

आपली,
तबला शिकणाऱ्या एका मुलीची आई