'डॉक्टरांना विचारा' एवढ्यावर भागत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असते: गरोदर असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या. सल्ला चांगलाच आहे. पण मध्यरात्री अंग तापाने फणफणलं आणि डॉक्टर सकाळशिवाय भेटणार नसले, तर ती ओळ काय कामाची?

सांगण्यासारखं नाही असं नाही. तापावर गरोदरपणात पहिली पसंती पॅरासिटामॉलला, तीही कमीत कमी मात्रेत आणि गरजेपुरतीच. आयबुप्रोफेन या ताप-दुखण्यावरच्या गोळीचं तसं नाही. विसाव्या आठवड्यापासून ते बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतं; अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये तसा इशारा दिला. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास आणखी एक धोका वाढतो: बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच मिटू लागते. आयबुप्रोफेनच्याच गटातली अ‍ॅस्पिरिन मात्र अगदी कमी मात्रेत डॉक्टर स्वतःच काहींना देतात, प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार, टाळण्यासाठी. इतका फरक एका ओळीत कसा मावणार?

सर्दीची गोळी तर फसवीच. तिच्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, जोडीला नाक मोकळं करणारं औषध. तापाची वेगळी गोळी घेतलेली बाई तीही घेते आणि मात्रा दुप्पट होते.

उलट काहीजणी भीतीने काहीच घेत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांतला जोराचा ताप बाळाला बाधू शकतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. पॅरासिटामॉलमुळे ऑटिझम होतो ही चर्चा २०२५ मध्ये किती पसरली! स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध दिसला नव्हता, पण तो किती जणींपर्यंत पोहोचला?

गरोदर बायकांनी घेतल्यामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, ते थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत चिठ्ठीशिवायच विकलं जाऊ लागलं होतं. त्यानंतर नियम कडक झाले, पण मुख्यतः नव्या औषधांना मंजुरी देण्याचे. अमेरिकेने २०१५ पासून गरोदरपणाच्या माहितीचं लेबल सुधारलं, तेही चिठ्ठीवरच्या औषधांपुरतंच.

तेव्हा खोक्याच्या दर्शनी बाजूला, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत, कोणत्या आठवड्यापासून टाळायचं आणि त्याऐवजी काय चालेल हे छापणं सक्तीचं करा. गोळीत पॅरासिटामॉल असेल तर ते नाव ब्रँडच्या नावाइतकंच ठळक हवं. आणि रात्री फोन उचलणारा एक औषधतज्ज्ञ नेमा.

आपली,
एक औषधविक्रेती