'ब्रेक फेल' म्हणजे नक्की काय झालं ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घाटात गाडी ठोकली की दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात एकच वाक्य असतं, 'ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले'. वाचताना असं वाटतं की ब्रेक म्हणजे बल्ब आहे, चालू होता आणि उडाला. तसं नसतं हो, आणि हे मी मागच्या मे महिन्यात स्वतः अनुभवलंय म्हणून हे पत्र.

महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरत होतो, गाडीत आम्ही चौघं आणि डिकी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांनी भरलेली. वाडा कुंभरोशीच्या अलीकडे करपलेला वास यायला लागला, बायको म्हणाली कुणाची तरी क्लच प्लेट गेली. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागून निम्म्याच्या खाली गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर कशीबशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कडेला घेतली. खाली उतरून चाकांजवळ हात नेला (रिमला लावू नका, मी लावला) तर पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं आणि उजवं जेमतेम कोमट. पाऊण तास चहा पीत बसलो आणि परत पेडल दाबलं तर एकदम टाइट, जसं काही झालंच नाही!

घरी आल्यावर एका गॅरेजवाल्याने सपाट रस्त्यावर चक्कर मारली, म्हणाला ब्रेक एक नंबर आहेत पण मनात शंका असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) बदलून टाकू, नऊ हजार. दुसरा म्हातारा मिस्त्री जास्त बोलला नाही, त्याने गाडी जॅकवर घेतली आणि चाक हाताने फिरवलं, उजवं फिरलं, डावं अडलं. कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन गंजून जाम झालेली, त्यामुळे आतला पॅड सतत डिस्कला घासत होता, तो पार पत्र्यापर्यंत आलेला आणि बाहेरचा अजून अर्धा शिल्लक. मग त्याने ब्रेक ऑइल काढून दाखवलं, काळपट चहासारखं. सहा वर्षं मी ते बदललंच नव्हतं, फक्त लेव्हल बघायचो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं हे मला पन्नाशीत कळलं. डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) नवीन असताना किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येतो, आणि डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. एकदा उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. थंड झालं की पुन्हा सगळं नॉर्मल, म्हणून गॅरेजवाल्याला काही सापडत नाही. माझं काम पिना, पॅड, डॉट ४ ऑइल आणि ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) मिळून तीन हजारात झालं.

आता माझा भाचा. त्याला अपग्रेड पाहिजे, म्हणजे मागचे ड्रम काढून डिस्क आणि कॅलिपरला लाल रंग. गाडी थांबताना वजन पुढे येतं, जास्त काम पुढचेच ब्रेक करतात, आणि शेवटी रस्ता धरतो तो टायर. मागे भलतीच डिस्क लावली की पुढचं-मागचं गणित बिघडतं, हँडब्रेकचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. मी त्याला म्हटलं आधी तुझे गुळगुळीत झालेले टायर बदल, चांगले पॅड टाक आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदल. रुसला.

आणखी एक. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतार उतरणारे काही कमी नाहीत. इंजिन बंद की पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबण्यांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, ब्रेक शाबूत असून नीट लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने ओळीने कितीतरी गाड्या ठोकल्या तेव्हा आधी ब्रेक फेलच म्हणत होते, मग इंजिन बंद करून उतार उतरल्याची गोष्ट पुढे आली.

सरकारचं पण बघा, खासगी गाडीचा धूर आपण दर वर्षी पीयूसीवाल्याकडे तपासून घेतो, पण फिटनेस थेट १५ वर्षांनी. तोपर्यंत ब्रेक कुणी बघायचे?

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा, गाडी कुठल्या गिअरमध्ये होती, पेडल मऊ होतं की कडक, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं.

आपला,
एक नियमित वाचक, वाई

ता. क. : आंब्याच्या पेट्या पोलादपूरलाच राहिल्या.