ॲपमधील विमान-अंतर व प्रवासवेळेच्या चुकीच्या हिशेबाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सशुल्क सदस्यत्वातील अंतर-वेळ गणकातील चुका दुरुस्त करणे अथवा शुल्क परत करणे.

महोदय/महोदया,

तुमच्या गणकात लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे अंतर ५७६० किमी आणि वेळ ६ तास २४ मिनिटे येते. जाताना तेवढीच, येतानाही तेवढीच. दोन्ही आकडे चुकीचे आहेत, आणि ते कुठून आले हेही उघड दिसते.

आधी अंतर. या दोन विमानतळांमधले गोलावरचे सर्वांत कमी अंतर सुमारे ५५४० किमी आहे. (ध्रुवांपाशी चपटी पृथ्वी धरली तर आणखी साधारण १५ किमी वाढतात, त्याबद्दल तक्रार नाही.) ५७६० हा आकडा मर्केटर नकाशावर (गोल पृथ्वी आयताकृती सपाट कागदावर दाखवणाऱ्या नेहमीच्या नकाशावर) पट्टी ठेवून रेघ ओढली की मिळतो. कागदावर सरळ दिसणारी ती वाट गोलावर लांबची पडते. विषुववृत्तालगत किंवा थेट उत्तर-दक्षिण मार्गावर हा फरक जाणवत नाही, त्यामुळे चाचणीला तसेच मार्ग घेतले असतील तर चूक सापडणारच नव्हती. हॅवरसाइन सूत्र (गोलावरचे अंतर काढण्याचे सूत्र) आणि पृथ्वीची ६३७१ किमी त्रिज्या एवढ्यावर हे काम भागते.

वेळेचा हिशेब तर त्याहून ढिला आहे. ५७६० किमीला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागले की नेमके ६ तास २४ मिनिटे येतात. म्हणजे वारा, चढण-उतरण, धावपट्टीपर्यंतची संथ चाल, सगळेच वगळले. उत्तर अटलांटिकवर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी १०० किमी वारा धरला तरी ५५४० किमीला न्यूयॉर्ककडे जाताना ६ तास ५५ मिनिटे आणि परतताना ५ तास ३२ मिनिटे लागतात. वाऱ्याचा परिणाम जाता-येता फिटतो असे म्हणूनही भागत नाही, कारण समोरचा वारा जेवढा वेळ खातो तेवढा पाठचा वारा परत देत नाही. विमान कंपन्या वेळापत्रकात गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ देतात : न्यूयॉर्ककडे सुमारे ८ तास, लंडनकडे सुमारे ७. तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून पुढचे विमान गाठायचे ठरवले, तर ते चुकलेच म्हणून समजा.

पोहोचण्याची स्थानिक वेळ काढताना तुम्ही लंडन आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत वर्षभर ५ तासांचाच फरक धरता. अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या काळात फरक ४ तासांचा असतो. शरद ऋतूतही एक आठवडा तसाच.

‘मैल’ हा पर्याय निवडला की १.८५२ ने भागाकार होतो. तो सागरी मैल झाला; साध्या मैलाला १.६०९ हवा. आणि ‘सॅन होजे’ लिहिले की काहीही न विचारता कॅलिफोर्नियाचा विमानतळ (एसजेसी) घेतला जातो, कोस्टा रिकाचा (एसजेओ) यादीत दिसतही नाही.

मागणी अशी : अंतराचे सूत्र बदलावे, दोन्ही दिशांची वेळ वेगळी दाखवावी, ती हवेतली की गेट ते गेट हे आकड्याशेजारीच लिहावे आणि शहराच्या नावासोबत तीन अक्षरी संकेत व देश द्यावा. १५ दिवसांत दुरुस्तीची तारीख लेखी कळवणे जमत नसेल, तर सदस्यत्वाच्या उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत करावे. तपासणीसाठी पडद्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,
एक सदस्य ग्राहक