आईला एकटीला जाऊ दिल्याबद्दल

ती. स्व. काकाजी यांना,
सा. न. वि. वि.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला असं सगळ्यांदेखत पत्र लिहिणं जरा विचित्रच आहे. पण समोर येऊन बोलले की तुम्ही "हट् ना बाप्पा" म्हणणार, चहा टाकायला सांगणार आणि विषय निघून जाणार. म्हणून हा मार्ग.

आईने झाशी-ग्वाल्हेर-आग्रा एकटीने पाहायचं काढलं तेव्हा आमच्या घरी काय झालं, हे तुम्ही जिन्यातूनच ऐकलं असेल. पुण्याहून दादाने लगेच दोन टूर कंपन्यांची माहितीपत्रकं पाठवली. वहिनीने गुडघ्यांचा विषय काढला. मावशी म्हणाली, मी येते सोबत. आणि आईला नेमकं तेच नको होतं. सत्तरीला टेकलेली बाई, नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेलेला, तिला जायचं कुठे आणि कशासाठी, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते तुम्ही विचारलंत. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलंत आणि म्हणालात, "वहिनी, ताजमहाल सगळेच पाहतात. तुम्हाला काय पाहायचं आहे ते सांगा."

आई म्हणाली, "१८५३."

तुम्ही हसला नाहीत. मग तिने तुम्हाला ते सगळं सांगितलं, जे तिने वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे गंगाधरराव गेले. पुढच्याच महिन्यात आपल्या नागपूरचे तिसरे रघुजी भोसले गेले. दोघांनाही पोटचा मुलगा नाही. वारस नाही म्हणून इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने दोन्ही राज्यं खालसा केली. इथल्या राजवाड्यातले हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, आणि तिकडे लक्ष्मीबाई चार वर्षांनी लढायला उभी राहिली. आईला झाशीचा तट स्वतःच्या पायांनी चालून बघायचा होता. पाच मिनिटांचा फोटो-थांबा देणाऱ्या बसमधून तो दिसला नसता.

नागपूर-इटारसी लाइनवर गार्डाची नोकरी केलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते, कारण घरोघरी अशा आया आहेत. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, म्हणून आई नाराज होती. तुम्ही तिला लोअर बर्थचा कोटा दाखवलात. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना एकटीने किंवा फार तर दोघींनी जाताना तो मिळतो. चौघांनी मिळून तिकीट काढलं की तो लागू होत नाही. "एकटं जाण्याचा हा फायदा," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा दादा फोनवर होता आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मग तुमचा नियम: नवं गाव उजेडात गाठायचं. झाशी सकाळी यावी म्हणून रात्रीची गाडी घेतली. त्यामुळे बैतूलनंतरचा घाट अंधारात जाणार, याचं वाईट तिच्यापेक्षा तुम्हालाच जास्त वाटलं. परतीची गाडी तुम्ही अशी निवडलीत, की नर्मदा आणि घाट दिवसा यावेत. धुकं ओसरायला हवं म्हणून संक्रांत उलटू दिलीत. आग्रा शुक्रवारी पडत होतं, ते सरकवलंत, कारण त्या दिवशी ताज बंद. आणि भरलेली बॅग घेऊन तिला आपल्या बिल्डिंगचे तीन मजले चढायला लावलंत. दुसऱ्या मजल्यावर आई थांबली, घरी परत आली आणि अर्धी बॅग रिकामी केली. चिवड्याचे दोन डबे अजून माझ्याकडे आहेत.

आम्हालाही तुम्ही एक नियम घालून दिलात. फोन रोज रात्री आठला, तोही ती करेल. "गाडी जिथे असायची तिथेच असते, तुम्ही तासातासाला विचारून ती पुढे जात नाही." दादा तरीही पुण्यात बसून ॲपवर तिची गाडी पाहत होता. ते त्याच्या स्वभावाला धरून आहे.

झाशीच्या किल्ल्यात कडक बिजली तोफेजवळ कॉलेजची काही मुलं सेल्फी काढत होती. आईने त्यांना थांबवून सांगितलं, "आमचं राज्यही त्याच हिवाळ्यात गेलं." त्यांना नागपूर म्हणजे संत्री इतकंच माहीत होतं. अर्धा तास वर्ग भरला म्हणे. तिकडूनच ती ओरछ्याला गेली. तिथे राम देव म्हणून नाही, राजा म्हणून पुजला जातो आणि पोलीस त्याला सलामी देतात. राणीने अयोध्येहून आणलेली मूर्ती महालातच राहिली आणि तिच्यासाठी बांधलेलं चतुर्भुज मंदिर तसंच उरलं, ही कथा आई आता येईल त्याला सांगते. तुम्हाला दोनदा सांगून झाली असेल.

ग्वाल्हेरला मात्र तिने तुमचं ऐकलं नाही. चढताना नाही, उतरताना गुडघे बोलतात, तेव्हा उरवाई दरवाजाकडून गाडीने वर जा आणि गाडीनेच खाली या, असं तुम्ही बजावलं होतं. गेली तशीच. मानसिंह तोमराच्या मानमंदिरावरची निळ्या फरशांवरची पिवळी बदकं पाहिली, तेली का मंदिर पाहिलं. पण खाली येताना गाडी सोडून दिली आणि पूर्वेच्या चढणीवरून चालत उतरली, कारण त्या वाटेवर दुसरं एक चतुर्भुज मंदिर आहे. त्यात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. बागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रोजचे फुलांचे हार ५०, असं कोरलंय, आणि दोन्ही आकड्यांत आपण आज काढतो तसंच गोल शून्य आहे. "एवढंसं आहे गं, नखाएवढं," आई सांगत होती. दुसऱ्या दिवशी ती फुलबागेत राणीच्या समाधीजवळ बाकावर बसून राहिली. समाधीपाशी बसायचंच होतं, असं ती म्हणते. मला वाटतं, पाय धरले होते.

ताजमहालाबद्दल आई एकच वाक्य बोलली: गर्दी फार. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे ती जास्त वेळ रमली. १६६६ च्या मे महिन्यात महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे होते आणि ऑगस्टमध्ये त्याच्या पहाऱ्यातून निसटले, हे शिकवणं वेगळं आणि तो उंच लाल तट मान वर करून पाहणं वेगळं, असं तिचं म्हणणं.

आता त्या रात्रीबद्दल. आग्र्याला परतीची गाडी काही तास लेट झाली. रात्री साडेबाराला आईने फोन केला तो मला नाही, दादाला नाही, तुम्हाला. तुम्ही तिला बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसायला सांगितलंत, फोन चार्जिंगला लावायला सांगितलात, काही वाटलं तर रेल्वेच्या मदतीचा १३९ नंबर लावा म्हणालात आणि गाडी सुटेपर्यंत स्वतः जागे राहिलात. आम्हाला यातलं अक्षर कळवलं नाहीत. आई घरी येऊन जेवल्यावर सहज बोलून गेली, तेव्हा कळलं.

दादाचा याबद्दल तुमच्यावर अजून राग आहे. माझा नाही. तुम्ही कळवलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून तिला पहाटेपर्यंत वीस फोन केले असते, टॅक्सी शोधली असती, कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाला उठवून स्टेशनवर पाठवलं असतं. आणि पुढच्या वेळी तिने कोणालाच फोन केला नसता. मुख्य आभार त्या गप्प राहण्याचे आहेत. बाकीची मदत मोठी होती, पण ती चौकशी खिडकीवरूनही थोडीफार मिळाली असती.

आणि हो, गाडी लेट झाल्यामुळे घाट आला तो उन्हं कलताना. आईने खिडकीतून काढलेले फोटो सगळे हलले आहेत, तरी तुम्हाला दाखवायला ती रविवारी खाली येणार आहे. येताना तंजावरचा विषय काढेल, आत्ताच सांगून ठेवते. तिला तिथल्या सरफोजी राजे भोसल्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय पाहायचं आहे. याच रुळांवरून उलट दिशेला चेन्नईपर्यंत सरळ गाडी आहे, पुढचं तुम्ही बघा. दादाला मी सांगते. तुम्ही त्याच्याशी काही बोलू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची ताई
नागपूर