सीलच्या मेंदूत काय ठेवलंय?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मध्येच तोडते, म्हणून लिहून पाठवतेय. परवा तुम्ही विचारलंत, "त्या सीलच्या मेंदूत असं काय ठेवलंय, की रविवारीसुद्धा कॉलेजात जाऊन बसतेस?" आता सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

आधी एक सांगते, सील म्हणजे मासा नव्हे. कुत्रा, अस्वल, पाणमांजर यांच्या गोतावळ्यातला तो प्राणी. हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. आपल्या किनाऱ्याला सील नाहीत. वरळीसमोर किंवा मरीन ड्राइव्हला नशीब असेल तर दिसतात ते डॉल्फिन, आणि त्यांचं घराणं निराळं, गाई-बकऱ्यांच्या बाजूचं. देवमासे-डॉल्फिनचे पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी पाण्यात उतरले, सीलचे त्यानंतर बऱ्याच काळाने. समुद्र तोच, पण दोघांचे मेंदू वेगवेगळ्या वाटेने बदलले. मला रविवारी घराबाहेर काढणारी गोष्ट ती हीच.

आता तुमचं ते लाडकं वाक्य, "डोकं मोठं तो हुशार." स्पर्म व्हेलचा मेंदू जवळजवळ ८ किलोचा असतो, आपला जेमतेम १.४ किलोचा. त्या हिशोबाने त्याने आपल्याला शिकवण्या घ्यायला हव्यात! नुसत्या वजनावरून काही ठरत नाही, निदान मी तरी ठरवत नाही. आतला कुठला भाग फुगला आणि कुठला आटला, ते बघायचं.

ते कॉलेजातल्या माझ्या मुलांना दाखवायला मी पार्ल्यातल्या मटणवाल्याकडून बकऱ्याचा भेजा आणते. (आई, नाक मुरडू नकोस, यांना फ्राय करून घालतेस तोच.) ट्रेमध्ये उलटा ठेवला की पुढच्या टोकाला, खालच्या अंगाला, दोन मळकट पांढरे फुगवटे दिसतात. नाकातून येणारा वास आधी तिथे पोचतो. मटणवाला घाईत भेजा ओढून काढतो तेव्हा बऱ्याचदा ते तुटून कवटीतच राहतात, म्हणून त्याला दर वेळी सांगावं लागतं, "भाऊ, पुढून जपून." तो माझ्याकडे कसा बघतो ते विचारू नका.

सीलमध्ये हेच फुगवटे लहान झालेत. पाण्याखाली नाकपुड्या बंद, मग वास घेणार कशाने? डॉल्फिनमध्ये तर ते पार नाहीसे झालेत. सीलमध्ये मात्र थोडे शिल्लक आहेत, कारण त्याला बाळंतपणासाठी किनाऱ्यावर किंवा बर्फावर यावंच लागतं. तिथे सी लायनची, म्हणजे सीलच्याच भावकीतल्या प्राण्याची, आई आपलं पिल्लू आवाजाने ओळखते, वासाने खात्री करते आणि मगच दूध पाजते. डॉल्फिनची मादी पाण्यातच विते, तिला जमिनीशी काही देणंघेणं उरलेलं नाही.

आणि वाढलं काय, तर मिशांचा कारभार बघणारा भाग. तुमच्या मिशा नुसत्या रुबाबाच्या, बाबा. सीलच्या एकेका मिशीच्या मुळाशी हजारावर मज्जातंतू असतात. जर्मन शास्त्रज्ञांनी २००१ साली एक प्रयोग छापला. त्यांनी सीलचे डोळे झाकले, कानांवर हेडफोन चढवले आणि पाण्यात एक छोटी पाणबुडी सोडली. ती पुढे निघून गेल्यावर मागे पाण्यात जी हालचाल उरते, तेवढ्यावरून सीलने तिचा माग काढला. मिशा झाकल्यावर मात्र त्याला ते जमेना.

हे कधी सुरू झालं, हे कळायला जुन्या कवट्या लागतात. मेंदू मऊ, तो लाखो वर्षं टिकत नाही. पण या प्राण्यांत तो हाडाला इतका लगटून वाढतो की त्याच्या घड्यांचे ठसे कवटीला आतून उमटतात. तुमच्या मानेचं केलं तसंच सीटी स्कॅन त्या कवटीचं करायचं आणि आतल्या पोकळीचा आकार संगणकावर उभा करायचा. पोटॅमोथेरियम नावाचा एक प्राणी होता, साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वीचा, दिसायला पाणमांजरासारखा. त्याला पाय होते, वल्ह्यासारखे पंख अजून फुटायचे होते. २०२३ साली छापून आलेल्या अभ्यासात त्याच्या मेंदूची तुलना आजच्या सीलशी आणि जमिनीवरच्या मांसाहारी प्राण्यांशी केली. मिशांकडून येणारी खबर जिथे पोचते ती घडी त्याच्यात तेव्हाच चांगली फुगलेली निघाली. म्हणजे अंग पुरतं पाण्याचं व्हायच्या आधीच तो नदी-तळ्यात तोंड घालून मिशांनी भक्ष्य चाचपत असणार. तो सीलचा पूर्वज की लांबचा चुलता, यावर अजून भांडण आहे. मला चुलता वाटतो.

आई, आता तुझ्या तक्रारीकडे येते: हे रात्रभर टक्क जागे आणि दिवसा खुर्चीत डुलतात. फर सील पाण्यात असला की अर्ध्या मेंदूने झोपतो. दुसरा अर्धा जागा राहून एका बाजूचं वल्हं हलवत ठेवतो, म्हणजे नाक वर राहतं. स्वप्नांची झोप तर तो समुद्रात जवळजवळ सोडूनच देतो, आणि किनाऱ्यावर आल्यावर ती भरूनही काढत नाही. एलिफंट सीलची तऱ्हा आणखी वेगळी. तो कित्येक महिने समुद्रात असतो, तेव्हा दिवसाकाठी सरासरी दोनच तास झोपतो. तेही सलग नाही, खोल बुडी मारायची आणि दहाएक मिनिटं डुलकी घ्यायची. मेंदूचे दोन्ही भाग झोपलेले, शरीर उताणं होऊन गोल गोल फिरत खाली जातं. शास्त्रज्ञांनी डोक्यावर रबरी टोपी बसवून मेंदूच्या लहरी नोंदवल्या तेव्हा हे कळलं. हाच गडी किनाऱ्यावर आला की दहा-दहा तास घोरतो.

यावरून "बघ, मीही त्यातलाच" असं आईला सुनावू नका. त्याच्या मागे शार्क असतात, तुमच्या मागे कोण आहे? बेस्टच्या रात्रपाळ्या संपूनही आता वर्षं झाली. झोप लघवीला उठावं लागतं म्हणून मोडते, की उगीचच जाग येते, हे नीट बघून डॉक्टरांना सांगा. संध्याकाळचा दुसरा चहा बंद करा. आई, तू तो मागितला तरी देऊ नकोस.

सीलच्या त्या चुलत्याचं, पोटॅमोथेरियमचं, चित्र सोबत पाठवतेय, भिंगातून बघा. गणपतीचं तिकीट अजून वेटिंगवर आहे, पक्कं झालं की कळवते.

तुमची,
मनू