भाड्यावर फ्लॅटचे हप्ते फिटत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरा-बायको दोघे कमावते झाले की बेळगावात सल्ला ठरलेला असतो : एक फ्लॅट घेऊन टाका, भाड्यावर हप्ते फिटतील. कागद-पेन्सिल घेऊन बसले तर ते फिटताना दिसत नाहीत.

टिळकवाडी-हिंदवाडीकडे ५० लाखांचा फ्लॅट आणि महिना १४ हजार भाडे, असे धरू. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, सेस-अधिभार मिळून ५.६. नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५च्या अखेरीस १ टक्क्याचे २ टक्के झाले. म्हणजे ३ लाख ८० हजार रुपये किल्ली हातात येण्याआधीच गेले. (पहिल्यांदाच नोंदणी होणाऱ्या ४५ लाखांपर्यंतच्या फ्लॅटला मुद्रांक कमी लागतो, तेवढा दिलासा.) आता वर्षाचे भाडे १ लाख ६८ हजार. त्यातून भाडेकरू बदलताना कुलूप राहिलेला एक महिना १४ हजार, मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ८ हजार, रंग-नळ-मोटार १० हजार वजा करा. उरले १ लाख १८ हजार. गुंतलेल्या ५३.८ लाखांवर हे सव्वादोन टक्केही होत नाहीत.

त्यातले ४० लाख कर्जाचे असतील, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. खर्च जाऊन उरलेले भाडे वजा केले तरी महिना जवळपास २५ हजार पदरचे घालावे लागतात, वर्षाला ३ लाख. दोघांच्या दोन पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यांची मिळून वार्षिक मर्यादाही नेमकी तेवढीच! तीच रक्कम दर एप्रिलच्या सुरुवातीला तिथे भरली आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला, तर पंधरा वर्षांनी सुमारे ८१ लाख करमुक्त मिळतात. फ्लॅटवर त्या वेळीही १७ लाखांच्या आसपास कर्ज बाकी असते. म्हणजे तो ९८ लाखांना विकला तर बरोबरी. सुरुवातीला घातलेले १३.८ लाख (स्वतःचे १० आणि शुल्काचे ३.८) आणि नफ्यावरचा १२.५ टक्के कर यात धरलेलाच नाही. भाडे वाढत जाईल तशी पदरची भर कमी होईल आणि पीपीएफचा दर सरकार तिमाहीला बदलू शकते, हे दोन मुद्दे फ्लॅटच्या बाजूने मांडायलाच हवेत.

कराचेही नीट पाहावे. नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा कर्जाच्या व्याजामुळे झालेला तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत होतो. पीपीएफचे व्याज दोन्हीकडे करमुक्त आहे, भरलेल्या रकमेची वजावट मात्र फक्त जुन्यात मिळते.

घर फायद्याचे ठरते ते एका ठिकाणी : शहापूर-वडगावात स्वतःचे निर्वेध घर असेल आणि परवानगी घेऊन त्यावर मजला चढवता येत असेल तर. जागेचे पैसे नाहीत, खरेदीचा मुद्रांक नाही. विद्यार्थी-नोकरदार भाडेकरूंची शहरात कमतरता नाही.

घ्यायचेच असेल, तर आधी कागद. शहराभोवतीच्या गावांतले गुंठे अजून बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या करारावर, विकले जातात. बॉण्डवरच्या जागेची खरेदी नोंद होत नाही, बँक कर्ज देत नाही आणि मूळ मालकाचे वारस कधीही उभे राहू शकतात. पंचायत हद्दीत फॉर्म ९ आणि ११-अ हे मालमत्तेचे उतारे मागा; ११-ब (रीतसर मंजुरी नसलेल्या जागेचा उतारा) दाखवला तर तिथेच थांबा. शहरात ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) हवा, आता त्याशिवाय नोंदणी होत नाही. बोजा दाखल्यात (जागेवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा दाखला) फॉर्म १५ वर झालेले व्यवहार दिसतात, फॉर्म १६ म्हणजे त्या काळात नोंद नाही. हे सारे कन्नडमध्ये असते. एजंट सांगेल त्या अर्थावर सही करू नका, स्वतःच्या वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घ्या.

पीपीएफमध्येही लोक पैसे घालवतात. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मिळते. पूर्ण दीड लाख एकदम भरायचे तर ५ एप्रिलच्या आत भरा. चेक असेल तर तो वटल्याची तारीख धरतात. पोस्टात एक आणि बँकेत दुसरे असे एकाच नावावर दोन खाती चालत नाहीत. मुलाच्या नावचे खाते पालकाच्याच दीड लाखांत मोजले जाते. पंधरा वर्षे झाल्यावर भरणा चालू ठेवायचा असेल, तर मुदतवाढीचा अर्ज वर्षाच्या आत द्यावा लागतो. तो न देता भरलेल्या पैशांवर व्याज नाही. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी खाते आधी पाहा, दर ८.२ टक्के आहे.

जाता जाता, जादा व्याजाच्या सोसायट्यांविषयी. तिथले व्याज करपात्र असते, आणि ५ लाखांचे ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

— एक करसल्लागार, शहापूर, बेळगाव